लकव्यानंतर पाणी पाजताना घट्टपणा नजरेने ठरवू नका

लकवा झालेल्या माणसाला भेटायला येणारा प्रत्येक जण सांगतो, "पातळ द्या, गिळायला सोपं." साफ चूक. सुस्तावलेला घसा श्वासनलिका झाकेपर्यंत पाणी तिथे पोचलेलंही असतं. म्हणून स्पीच थेरपिस्ट (बोलण्याबरोबर गिळणंही तपासणारे तज्ज्ञ) पाणी, चहा घट्ट करून द्यायला सांगतात. किती घट्ट, हे तपासून तेच ठरवणार. शेजारच्या काकू नव्हेत.

तोंड स्वच्छ करा, ताठ बसवा.

आता घट्ट करणं. इथे मी महिनाभर चुकत होतो. "मधासारखं करा" म्हणाले, पण मध थंडीत वेगळा आणि उन्हाळ्यात वेगळा. मी कॉर्नफ्लोअर शिजवून घालायचो. ते वाटीत घट्ट होतच जायचं, आणि बाबांचा उष्टा चमचा परत वाटीत बुडला की लाळेने पातळ व्हायचं. पहिल्या चमच्याला ठीक, दहाव्याला ठसका! झँथन गमचं थिकनर, म्हणजे घट्ट करायची पावडर, लाळेने असं विरघळत नाही. ते मापून घाला, ढवळा, पाकिटावर लिहिलंय तेवढा वेळ थांबा.

मग सुई नसलेली १० मिलीची सिरिंज घ्या. तिच्यावरची ० ते १० ही पट्टी ६१.५ मिलिमीटर लांब हवी. सगळ्या कंपन्यांची तशी नसते, फूटपट्टी लावून बघा. दट्ट्या काढा, खालचं तोंड बोटाने दाबा, १० पर्यंत भरा, बोट काढून १० सेकंद मोजा. आत १ ते ४ मिली उरलं तर घट्टपणाची लेव्हल (पायरी) १, ४ ते ८ उरलं तर २, त्याहून जास्त उरूनही थेंब गळत असतील तर ३. थेरपिस्टने सांगितलेली लेव्हल जुळली तरच चमचा उचला.

चोचीचा फीडर कप नको, त्याने मान मागे जाते. छोटा चमचा, आणि कंठमणी वर जाऊन खाली आला की पुढचा. मधूनमधून "आ" म्हणायला लावा. आवाज ओला, घरघरता आला तर थांबा. ठसका लागला नाही म्हणजे सुखरूप गेलं, असं समजू नका. काहींना फुप्फुसात गेलं तरी खोकला येत नाही. ताप आला, धाप लागली तर लगेच डॉक्टर.

आमटीभात कालवून देऊ नका. आमटी आधी पळते, भात मागे राहतो.

नंतर अर्धा तास बसवून ठेवा.

दुधाला घट्ट व्हायला पाण्यापेक्षा जास्त वेळ लागतो. पाण्याचं माप त्याला लावू नका, सिरिंज पुन्हा काढा.