मेल ‘उघडला’ दिसला, म्हणजे वाचलाच असं नाही

नोकरीसाठी अर्ज पाठवलाय आणि ट्रॅकिंगचं एक्स्टेन्शन (मेल उघडला का ते टिपणारी, ब्राउझरला जोडायची सोय) सांगतंय, ‘मेल उघडला’. लगेच हुरळून जाऊ नका. अशा मेलमध्ये १×१ पिक्सेलचं, डोळ्यांना न दिसणारं चित्र दडवलेलं असतं. ते सर्व्हरवरून मागवलं गेलं की नोंद होते. म्हणजे नोंद होते ती चित्राची, वाचणाऱ्याची नव्हे.

अ‍ॅपलने सप्टेंबर २०२१ मध्ये आयफोनच्या आयओएस १५ या प्रणालीसोबत ‘मेल प्रायव्हसी प्रोटेक्शन’ आणलं. ते समोरच्याच्या ‘मेल’ अ‍ॅपमध्ये चालू असेल तर त्याने मेलला हातही लावलेला नसताना चित्रं परस्पर उतरवली जातात आणि तुमच्याकडे ‘उघडला’ उमटतं. जीमेल डिसेंबर २०१३ पासून चित्रं गूगलच्या सर्व्हरमार्फत दाखवतं, त्यामुळे वाचणाऱ्याचा आयपी पत्ताही (त्याच्या इंटरनेट जोडणीचा क्रमांक) तुम्हाला कळत नाही. उलट कुणी चित्रं बंद ठेवली असतील, तर मेल चारदा वाचला तरी तुमच्याकडे शुकशुकाटच.

मला तर असं न सांगता डोकावणं मुळातच पटत नाही. त्यापेक्षा शेवटी सरळ लिहा, ‘मेल मिळाल्याचं एका ओळीत कळवाल का?’ आठवडाभरात उत्तर नाही आलं, तर फोन करा.

आणि तुमच्यावर कुणी अशी पाळत ठेवू नये असं वाटत असेल, तर संगणकावर जीमेलच्या सेटिंग्जमध्ये ‘जनरल’खाली ‘इमेजेस’ शोधा. तिथे बाहेरची चित्रं दाखवण्याआधी विचारण्याचा पर्याय आहे, तो निवडा. मग पान पार तळापर्यंत नेऊन बदल सेव्ह करा. ते बटण दाबायचं राहिलं, तर निवड टिकत नाही.