जुन्या बेसबॉल कार्डांचा खोका हाती आला तर

अमेरिकेत गराज सेलमधून किंवा घराच्या माळ्यावरून बेसबॉल कार्डांनी, म्हणजे च्युइंगगमच्या पाकिटात मिळणाऱ्या खेळाडूंच्या चित्रकार्डांनी, भरलेला बुटाचा खोका मिळाला, की लोक आधी मिकी मँटल आणि विली मेज हे गाजलेले खेळाडू शोधतात. सापडले तर उत्तमच. पण खोक्यात भरणा असतो तो साध्या खेळाडूंचा, म्हणजे 'कॉमन' कार्डांचा. त्यांची किंमत नावावर ठरत नाही, मागच्या बाजूच्या क्रमांकावर आणि कार्डाच्या अवस्थेवर ठरते.

बसण्याआधी कोरडं टेबल, बाजूला वळवता येईल असा दिवा, दहापट मोठं दाखवणारं भिंग, मिलिमीटरची पट्टी, पातळ प्लॅस्टिकच्या स्लीव्ह आणि वही जवळ घ्या. हात धुऊन पूर्ण कोरडे करा, क्रीम लावू नका. गठ्ठ्याला जुना रबरबँड असेल तर ओढू नका. वाळलेलं रबर कडेला चिकटतं आणि ओढताना कागदाचा थर घेऊन येतं. बँड कात्रीने कापा, चिकटलेला तुकडा तसाच राहू द्या.

मग वर्ष. टॉप्स या कार्ड छापणाऱ्या कंपनीच्या जुन्या कार्डांवर ते बहुधा ठळक छापलेलं नसतं. मागे वर्षवार आकडेवारी असेल तर शेवटच्या ओळीचं वर्ष अधिक एक, हे कार्डाचं वर्ष धरा. आकारानेही कळतं. १९५२ ते १९५६ ची टॉप्स कार्डं साधारण ६७ बाय ९५ मिमी, १९५७ पासूनची ६३.५ बाय ८९ मिमी. १९५२ चं चित्र आणि आकार मात्र लहान, असं दिसलं तर ते बहुधा १९८३ चं पुनर्मुद्रण. दोन-तीन कार्डं एकावर एक ठेवून कडा जुळवा. एखादं अर्ध्या-एक मिलिमीटरने आखूड भरलं तर कड कापलेली असण्याची शंका घ्या.

यानंतर क्रमांक, आणि इथे घाई नको. १९७३ पर्यंत टॉप्स आपला सेट हंगामभर टप्प्याटप्प्याने बाजारात आणत असे. शेवटचा टप्पा येईपर्यंत मुलांचं लक्ष अमेरिकन फुटबॉलकडे वळलेलं असे, म्हणून दुकानदार माल कमी मागवत. त्यामुळे १९५२ चे ३११ ते ४०७, १९६६ चे ५२३ ते ५९८ आणि १९६७ चे ५३४ ते ६०९ हे क्रमांक वेगळे काढा. या 'हाय नंबर'मधला अनोळखी खेळाडूही त्याच सेटच्या सुरुवातीच्या कॉमनपेक्षा कितीतरी महाग जातो. (१९५२ चा उरलेला माल पुढे अटलांटिकमध्ये बुडवला, असं टॉप्सचे साय बर्गर सांगत.) चेकलिस्टची, म्हणजे सेटमधल्या कार्डांची यादी छापलेली, कार्डंही पाहा: पेन्सिलीच्या खुणा नसतील तर ती जपा, कारण मुलं त्यावर हमखास खुणा करत.

अवस्था पाहताना कार्ड दिव्याखाली तिरकं धरा. समोरून न दिसणारी घडी तिरक्या उजेडात रेघ होऊन उमटते, आणि एवढ्यानेच भाव कोसळतो. चारही कोपरे, मागचा च्युइंगगमचा डाग आणि समासही तपासा. डावा समास ३ मिमी, उजवा १ मिमी, म्हणजे ७५/२५. कार्डांना अवस्थेप्रमाणे १ ते १० ग्रेड देणाऱ्या पीएसए कंपनीच्या ७ ग्रेडला समोरून साधारण ७०/३० लागतं. १९७१ च्या काळ्या कडा सहज सोलवटतात, म्हणून काहीजण त्या मार्करने रंगवतात. भिंगातून जाडीकडे बघा: आतल्या पांढऱ्या पुठ्ठ्यात शाई झिरपलेली दिसली, तर कार्ड बाजूला ठेवा.

भाव ईबेवर 'सोल्ड' फिल्टर लावूनच पाहा. मागितलेली किंमत म्हणजे मिळालेली किंमत नव्हे. तेच वर्ष, तोच क्रमांक, तशीच अवस्था, अशा पाच विक्री वहीत लिहून मधली घ्या. पीएसए किंवा तशाच एसजीसीकडे ग्रेडिंगला पाठवण्याआधी फी आणि टपालखर्च हिशोबात धरा. झिजलेल्या कोपऱ्यांच्या कॉमनवर तो खर्च निघत नाही. अगदी धारदार कोपऱ्यांचे हाय नंबर तेवढे पाठवा. बाकीची वर्ष आणि क्रमांकाप्रमाणे लावून एकत्र विका. सेट पुरा करणारे गिऱ्हाईक आपल्या संग्रहात नसलेले क्रमांकच शोधत असतात.