लोकगीतकाराचे स्मृतिउद्यान कसे उभारावे

मराठवाड्यातील एखाद्या गावाला आपल्या लाडक्या लोकगीतकाराच्या नावाने स्मृतिउद्यान उभारायचे असेल, तर जागा, कमान आणि पुतळा यांची चर्चा सुरू करण्याआधी त्यांची गाणी गोळा करावीत. उद्यान वर्षभर उशिरा झाले तरी चालेल. पण ज्यांना ही गाणी चालीसकट मुखोद्गत आहेत, ते साथीदार आता वृद्ध झालेले असतात.

हस्तलिखित वह्या घरच्यांकडून केवळ छायाचित्रे काढण्यापुरत्या घ्याव्यात आणि त्याच दिवशी परत कराव्यात. गायन पार्टीतील जुन्या मंडळींना एकत्र बसवून पेटी-ढोलकीसह प्रत्येक गाणे ध्वनिमुद्रित करावे, कारण वहीत शब्द सापडतात, चाल सापडत नाही. एकाच गाण्याचे दोन पाठ मिळाले, तर दोन्ही ठेवावेत. गाणे त्यांचेच आहे का अशी शंका आल्यास शेवटच्या कडव्यातील नाममुद्रा पाहावी, मात्र तेवढ्यावर विसंबू नये. मोठ्या कवीच्या नावावर दुसऱ्याची रचना चढणे आपल्याकडे संतांच्या अभंगांपासून चालत आले आहे. जुन्या कॅसेटवर बुरशी दिसली, तर ती न वाजवता आधी जाणकाराकडून साफ करून घ्यावी.

उद्यानात गीते कोरण्यासाठी हक्कधारकांची लेखी संमती घ्यावी. १९५७ च्या प्रताधिकार कायद्यानुसार कवीच्या निधनाच्या पुढील वर्षापासून ६० वर्षे त्याच्या रचनांवर हक्क राहतो. मराठवाड्यातही गावोगावी गायली जाणारी वामनदादा कर्डक यांची गीते घेतली, तर त्यांचे निधन १५ मे २००४ रोजी झाल्यामुळे हा हक्क २०६४ च्या अखेरपर्यंत आहे. गंगाखेडच्या संत जनाबाईंच्या अभंगांना असे बंधन नाही.

जागेसाठी ग्रामसभेचा ठराव आणि सातबारा तपासणे आवश्यक आहे. गायरान किंवा पुतळा यांचा विषय आला, तर जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीशिवाय पाऊल टाकू नये. माझ्या मते पुतळ्याचा खर्च वाचवून गाण्यासाठी ऐसपैस पार बांधावा. तो जागेच्या पूर्व टोकाला असावा, म्हणजे श्रोत्यांच्या डोळ्यांवर मावळतीचे ऊन येत नाही, आणि पश्चिमेला चिंच व कडुनिंबाची रांग लावली की पारावरील गायकांनाही काही वर्षांत सावली मिळते. वड-पिंपळ मात्र पारापासून बरेच दूर लावावेत; त्यांची मुळे बांधकाम फोडतात. काळी जमीन पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते, म्हणून पाराचा पाया मुरूम लागेपर्यंत खोल न्यावा.

झाडांसाठी दोन फूट लांब, रुंद आणि खोल खड्डे उन्हाळ्यातच घेऊन तापू द्यावेत, त्यांत माती व शेणखत भरावे आणि पहिला चांगला पाऊस झाल्यावर रोपे लावावीत. बहावा आणि पळस आवर्जून असावेत, कारण बाकी रान कोरडे पडते तेव्हा ते फुलतात. रोपांभोवती बाभळीच्या काट्यांचे कुंपण करावे.

गीतांची अक्षरे काळ्या दगडात खोदून घ्यावीत. नुसता रंग इथल्या उन्हात टिकत नाही. प्रत्येक शिळेवर एकच कडवे आणि खाली क्यूआर कोड द्यावा, म्हणजे तेथेच मूळ आवाजातील गाणे ऐकता येते. ध्वनिमुद्रणाच्या प्रती ग्रामपंचायतीखेरीज शाळेत आणि वाचनालयातही ठेवाव्यात. पहिले तीन उन्हाळे टँकरने पाणी घालावे लागणार हे धरून त्याची तरतूद बांधकामाच्या अंदाजपत्रकातच करावी, आणि पुण्यतिथीच्या गायनासाठी पारावरची वीजजोडणी ग्रामपंचायतीच्या नावे कायमची घ्यावी.