वृद्धनिवासातील पाणी लिजिओनेलापासून सुरक्षित कसे ठेवावे

अमेरिकेतील इलिनॉय राज्यात, क्विन्सी येथील माजी सैनिकांच्या निवासात २०१५ साली लिजिओनेअर्स आजाराची, म्हणजे लिजिओनेला जिवाणूंमुळे होणाऱ्या न्यूमोनियाची, साथ पसरली आणि १२ रहिवासी दगावले. हा न्यूमोनिया सहसा माणसाकडून माणसाला होत नाही. जलवाहिन्यांत वाढलेले जिवाणू शॉवरच्या सूक्ष्म तुषारांतून श्वासावाटे फुप्फुसांत उतरतात, म्हणून व्यवस्थापकाने आधी पाण्याकडे पाहावे.

२५ ते ४५ अंश सेल्सिअसचे कोमट पाणी या जिवाणूंना मानवते. त्यामुळे गरम पाण्याच्या टाकीत किमान ६० अंश तापमान राखावे; मात्र वृद्धांची पातळ त्वचा एवढ्या पाण्याने क्षणात भाजते, म्हणून नळाजवळच गार पाणी मिसळून तापमान आवरणारा व्हॉल्व्ह बसवावा.

रहिवासी रुग्णालयात गेला की खोलीला कुलूप लागते आणि नळांत पाणी साचून राहते. माझ्या मते सर्वांत दुर्लक्षित धोका हाच आहे. अशा खोलीतील गरम व गार दोन्ही नळ आठवड्यातून किमान एकदा, तुषार उडू न देता, काही मिनिटे वाहू द्यावेत. शॉवरचे तोंड उघडून पाहिल्यास छिद्रांभोवती पांढरा क्षार आणि आत बुळबुळीत थर हाताला लागतो; ते दर तीन महिन्यांनी घासून जंतुनाशकात बुडवावे. नेब्युलायझरसाठी (श्वासावाटे औषधाचे तुषार देणारे यंत्र) नळाचे पाणी कधीही वापरू नये.

एखाद्या रहिवाशाला तापासह खोकला, धाप किंवा अचानक भ्रम झाल्यास डॉक्टरांना लघवीच्या लिजिओनेला तपासणीबद्दल विचारावे, आणि निदान होताच दुसऱ्या रुग्णाची वाट न पाहता आरोग्य विभागाला कळवून शॉवर बंद ठेवावेत.