ड्रुपलमध्ये जॉइन लावण्याआधी

ड्रुपल म्हणजे वेबसाइट चालवणारी सीएमएस, आणि जॉइन म्हणजे डेटाबेसमधली टेबलं एका क्वेरीत जोडणं. आधी बघा, जॉइन लागणारच आहे का. ‘विषय’ फील्डमध्ये अमुक टर्म (वर्गीकरणाचा शब्द) असलेले लेख हवेत, एवढंच काम असेल तर एंटिटी क्वेरी, म्हणजे ड्रुपलची मजकूर शोधायची तयार सोय, ते जॉइन आतल्या आत लावते. नोडचे (ड्रुपलमधली मजकुराची एक नोंद, इथे लेख) आयडी घ्यायचे आणि सगळे एकदम लोड करायचे. ड्रुपल 10 पासून तिथे ॲक्सेस (बघायची परवानगी) चेक करायचा की नाही हे लिहावंच लागतं, नाहीतर एक्सेप्शन येते. बेरजा, मोजणी किंवा बाहेरून आणलेलं एखादं टेबल आलं की मगच सिलेक्ट क्वेरीकडे वळावं, जिथे टेबलं आणि जॉइन स्वतः लिहायचे असतात.

वळलात तर एडिटरला हात लावू नका, कागद घ्या. प्रत्येक टेबलाचं नाव लिहा आणि त्यापुढे एका नोडमागे तिथे किती ओळी असतात ते लिहा. ‘नोड_फील्ड_डेटा’पुढे एक लिहिलंत? साइट मराठी-इंग्रजी असेल तर दोन, कारण त्याची प्रायमरी की (ओळ ओळखायची किल्ली) नोड आयडी अधिक भाषा अशी आहे. फील्डचं टेबल ‘नोड__फील्ड_विषय’ (मध्ये दोन अंडरस्कोर) वेगळंच. तिथे प्रत्येक व्हॅल्यूची एक ओळ, ‘डेल्टा’ (व्हॅल्यूचा क्रमांक) 0, 1, 2 असा चढत जाणारा. तीन विषय म्हणजे तीन ओळी, आणि दोन भाषांशी गुणल्या की सहा. म्हणून जॉइनच्या अटीत ‘एंटिटी_आयडी’ (त्या टेबलातला नोडचा आयडी) जुळवून थांबू नका, ‘लँगकोड’ही (भाषेचा कोड) जुळवा.

हा कागद मी एका मासिकाच्या साइटवर टाळला होता. पानाला 20 लेख हवे होते. फोन आला, “तोच लेख तीन-तीनदा दिसतोय.” मी डिस्टिंक्ट (सारख्या ओळी एकदाच द्या, असं सांगणारं) लावलं, काही फरक नाही, कारण टर्मचा आयडी निवडलेल्या कॉलमांत होताच, म्हणजे डेटाबेसच्या लेखी त्या तिन्ही ओळी वेगळ्याच. मग पीएचपीत डुप्लिकेट काढले आणि पानावर आठ लेख उरले! रेंजची (किती ओळी आणायच्या त्याची) मर्यादा गुणाकार झालेल्या ओळींवर लागली होती, लेखांवर नव्हे. शेवटी आधी फक्त नोड आयडी काढले, त्यांवर ग्रुप बाय (एका नोडची एकच ओळ) आणि रेंज लावली आणि विषय दुसऱ्या क्वेरीने आणले. दोन क्वेऱ्या म्हणजे कमीपणा, असं तेव्हा उगाच वाटायचं.

मग लेफ्ट की इनर ते ठरवा. इनर जॉइन दोन्हीकडे जुळणाऱ्याच ओळी देतो, लेफ्ट पहिल्या टेबलाच्या सगळ्या. फोटो नसलेला लेखही यादीत हवा असेल तर लेफ्ट. पण लेफ्ट लावून फोटोच्या टेबलावरची अट खाली कंडिशनमध्ये (क्वेरीच्या व्हेअरमध्ये) टाकली की बिनफोटोचे लेख गळतात. तिथे नल, म्हणजे रिकामी व्हॅल्यू, येते आणि नल कुठल्याच ‘बरोबर’शी जुळत नाही. ती अट जॉइनच्या तिसऱ्या पॅरामीटरमध्ये लिहायची आणि तिच्यातल्या व्हॅल्यू चौथ्यात, प्लेसहोल्डरने (व्हॅल्यूची राखलेली जागा). स्ट्रिंगा जोडून अट बनवायची नाही, हे वेगळं सांगायला नको.

नवख्यांची हमखास ठेच: लेफ्ट जॉइनची मेथड क्वेरी परत देत नाही, टेबलाचा एलियास (क्वेरीतलं टोपणनाव) देते. तिच्यापुढे बाण (->) लावून लगेच कंडिशन लिहिली की स्ट्रिंगवर मेथड बोलावल्याची फेटल एरर. साखळी तिथे तोडा आणि आलेला एलियास व्हेरिएबलमध्ये धरा. तोच एलियास आधी वापरलेला असेल तर ड्रुपल मुकाट्याने ‘एफ’चं ‘एफ_2’ करतं आणि तुमची पुढची अट भलत्याच टेबलावर जाऊन बसते.

कोणाला काय दिसावं ते ड्रुपलने बघावं म्हणून क्वेरीला ‘नोड_ॲक्सेस’चा टॅग लावा, पण ‘स्टेटस’ 1 (प्रकाशित) ही अटही स्वतः लिहा. अप्रकाशित लेख टॅगच्या भरवशावर सोडू नका. बाहेरून आयात केलेल्या टेबलाशी मजकुराच्या कॉलमवर जॉइन असेल तर दोन्हीकडचं कोलेशन (अक्षरं कशी ताडायची त्याचा नियम) तपासा, नाहीतर मायएसक्यूएल तिथेच अडून बसतं.

आता चाचणीसाठी चार लेख बनवा: बिनविषयाचा, एक विषयाचा, तीन विषयांचा आणि एक अप्रकाशित. क्वेरी स्ट्रिंग म्हणून छापा, व्हॅल्यू भरून डेटाबेसवर थेट चालवा आणि ओळी कागदाशी ताडून बघा. फक्त नोड आयडी काढणाऱ्या पहिल्या क्वेरीतून तीनच ओळी यायला हव्यात. जुळल्या की इनकॉग्निटो विंडोत तेच पान उघडा, कारण ॲडमिन म्हणून लॉगिन असताना सगळंच दिसतं.