अँटिबायोटिकनंतर पोट फुगणं, पातळ शौच: मला काय लागू पडलं

दाताच्या इन्फेक्शनसाठी सात दिवस अँटिबायोटिक घेतलं. दात बरा झाला, पोट बिघडलं. जेवल्यावर अर्ध्या तासात पोट टम्म, दिवसाला तीन-चारदा पातळ शौच. नेरुळहून ठाण्याची लोकल पकडायचीही धास्ती वाटायची.

ओवा-हिंग झालं, दहा दिवस प्रोबायोटिक (उपयोगी जिवाणूंच्या) कॅप्सूल झाल्या. मग एकदम रोज दोन चमचे इसबगोल आणि वाटीभर मोड आलेले मूग सुरू केले, तर गॅस दुप्पट. डॉक्टरांनी तपासण्या केल्या, गंभीर काही निघालं नाही.

इसबगोल आणि मूग दोन्ही तंतुमय; चूक प्रमाणाची होती. मोठ्या आतड्यातले जिवाणू तंतुमय पदार्थ आंबवून ब्युटिरेटसारखी आम्लं बनवतात. आतड्याच्या अस्तराच्या पेशींचं तेच मुख्य इंधन. अँटिबायोटिक रोगजंतूंबरोबर या जिवाणूंनाही मारतं. अशा वेळी तंतू हळूहळूच वाढवायचे.

पहिला आठवडा मऊ भात, मुगाचं वरण आणि दुपारी अर्धी वाटी घरी विरजलेलं ताजं दही. दही भात कोमट झाल्यावरच कालवायचं, उष्णतेनं त्यातले जिवाणू मरतात. (म्हणून कढी या कामाची नाही.) दुसऱ्या आठवड्यात रोज एक केळं, ज्वारीची अर्धी भाकरी. तिसऱ्यात दोन चमचे नीट शिजवलेली मटकी, मग दर चार दिवसांनी एक चमचा जास्त. पोट फुगलं की आहे त्याच प्रमाणावर थांबायचं.

एकोणिसाव्या दिवशी शौच घट्ट झाली. आता वाटीभर उसळ पचते.

शौचात रक्त, ताप किंवा वजनात घट असेल तर हे करत बसू नका, आधी डॉक्टरांना दाखवा.