लेकीला फूटी खेळायचीय? आधी कुंपणाला टेकून एक मॅच बघा

मेलबर्नच्या पश्चिमेला, टार्नीट, ट्रुगनिना, पॉइंट कुक ह्या भागात आपली बरीच मराठी मंडळी राहतात आणि फेब्रुवारी आला की कुणी ना कुणी मला विचारतंच, अगं आमची शाळेतून आली आणि म्हणतेय मला फूटी (इथला ऑस्ट्रेलियन रूल्स फुटबॉल) खेळायचीय, पाठवू का, लागतं का फार, आणि मुलींना त्यात पुढे काही आहे का. प्रत्येकीला फोनवर तेच सगळं सांगण्यापेक्षा एकदा नीट लिहून ठेवते. माझी लेक आता चौथा सीझन खेळतेय, मी स्वतः क्रिकेटवाल्या घरातली, इथे येईपर्यंत तो लांबोडका बॉल हातातही धरला नव्हता, त्यामुळे काहीच माहीत नसलेल्यांसाठी आहे हे असं समजा.

सगळ्यात आधी रजिस्ट्रेशनच्या मागे लागू नका. आधी लेकीला घेऊन बायकांची एक मॅच बघायला जा, टीव्हीवर नाही, ग्राउंडवर. एएफएलडब्ल्यूचा, म्हणजे बायकांच्या राष्ट्रीय फूटी लीगचा, सीझन ऑगस्टपासून नोव्हेंबरच्या शेवटापर्यंत चालतो, म्हणजे आपल्या गणपतीपासून दिवाळीपर्यंत, लक्षात ठेवायला सोपं. आणि ह्या मॅचेस बहुतेक करून एमसीजीसारख्या अवाढव्य स्टेडियममध्ये नसतात, जुन्या ओव्हलवर असतात. आमच्या बाजूला व्हिटन ओव्हल आहे, वेस्ट फुट्सक्रे स्टेशनवर उतरलात की चालत पोचता. कार्ल्टनचं प्रिन्सेस पार्क आहे, १९ नंबरची ट्रॅम रॉयल परेडवरून अगदी बाजूनी जाते. सिडनीवाल्यांना मॅरिकव्हिलचं हेन्सन पार्क आहे, पर्थला फ्रीमँटल ओव्हल, अ‍ॅडलेडला अल्बर्टन. मुलांचं तिकीट बऱ्याच वेळा फुकटच असतं, तरी क्लबच्या साइटवर एकदा बघून घ्या. डबा घ्या, जॅकेट घ्या (स्प्रिंग म्हणतात पण वारा हाडात शिरतो), आणि सीटवर बसू नका, सरळ बाउंड्रीच्या कुंपणाला टेकून उभ्या राहा.

कारण तिथूनच खेळ कळतो. मी पहिल्यांदा व्हिटन ओव्हलला गेले तेव्हा नियम एकही कळला नव्हता, पण माझ्यापासून चार हातांवर दोघीजणी एकाच बॉलवर झेपावल्या आणि खांद्याला खांदा आपटल्याचा जो आवाज आला ना, तो टीव्हीवर येतच नाही. एक खाली पडली, उठली, ग्लव्ह नाही पॅड नाही, गुडघ्यावरचा चिखल तसाच, आणि पुढच्या मिनिटाला परत धावतेय. लेक माझा हात सोडून कुंपणाच्या जाळीत नाक खुपसून बघत होती. शेवटचा सायरन झाल्यावर खेळाडू स्वतः कुंपणापाशी येतात, पोरींच्या जंपरवर (टीमच्या जर्सीवर) सही करतात, कुठल्या टीममध्ये खेळतेस विचारतात. त्या दिवशी माझ्या लेकीकडे सांगायला टीमच नव्हती आणि घरी येईपर्यंत गाडीत एकच विषय, आई माझी टीम कुठली.

आता नियम, जेवढे लागतात तेवढेच. ग्राउंड लंबगोल, दोन्ही टोकांना चार चार खांब. मधल्या दोन उंच खांबांमधून किक मारून बॉल गेला की गोल, ६ पॉइंट. उंच आणि बाजूच्या छोट्या खांबाच्या मधून गेला तर बिहाइंड, १ पॉइंट. त्यामुळे स्कोअर तीन आकड्यांत लिहितात. ३ फेब्रुवारी २०१७ ला एएफएलडब्ल्यूची पहिलीवहिली मॅच प्रिन्सेस पार्कवर झाली, तिचा स्कोअर कार्ल्टन ७.४.४६ आणि कॉलिंगवूड १.५.११ असा होता, म्हणजे कार्ल्टनचे ७ गोल आणि ४ बिहाइंड मिळून ४६. त्यातले ४ गोल एकट्या डार्सी व्हेसियोचे. त्या संध्याकाळी २४,५६८ लोक आत होते आणि गेट बंद करावं लागलं, बाहेर इतके लोक राहिले की लीगच्या मुख्याधिकाऱ्यांनी बाहेर येऊन माफी मागितली. ज्या खेळाला बायकांचं कोण बघणार असं वर्षानुवर्षं ऐकवलं गेलं त्याच्या पहिल्याच दिवशी हे झालं, हे लेकीला स्कोअर शिकवतानाच सांगून टाका.

बाकी, बॉल फेकायचा नाही. एकतर किक मारायची नाहीतर हँडबॉल, म्हणजे एका तळव्यावर बॉल ठेवून दुसऱ्या हाताच्या मुठीनी ठोसा. किमान १५ मीटरवरून आलेली किक जमिनीला न लागता हातात पकडली तर ती मार्क, मग कुणी अडवू शकत नाही, निवांत किक घ्या. बॉल घेऊन पळताना १५ मीटरच्या आत तो एकदा टप्पा पाडावा लागतो. टॅकल, म्हणजे बॉल असलेल्या खेळाडूला धरून अडवणं, खांद्याच्या खाली आणि गुडघ्याच्या वर. ऑफसाइड वगैरे काही नाही. बायकांच्या टीममध्ये मैदानावर १६ जणी असतात, पुरुषांत १८, बॉल एक साईझ लहान, क्वार्टर (मॅचचे चार भाग) छोटे. पुरुषांपेक्षा गोल कमी होतात म्हणून नाक मुरडणारे भेटतील, त्यांना सांगा की पहिला सीझन फक्त ७ राउंडचा होता, बहुतेक खेळाडूंना ८,५०० डॉलर मिळायचे, दिवसभर नर्स, शिक्षिका, इलेक्ट्रिशियन म्हणून काम आणि रात्री प्रॅक्टिस. तेव्हापासून किती फरक पडलाय ते जुनी मॅच आणि आत्ताची मॅच लागोपाठ बघितली की डोळ्यांनी दिसतं.

मॅच बघताना कुणा एकीवर नजर ठेवा, सगळीकडे बघत बसलात तर काहीच हाती लागत नाही. अ‍ॅडलेडची मॅच असेल तर एबनी मॅरिनॉफ बघा, टॅकल कसं करायचं ते शिकायचं असेल तर दुसरं कुणी नको, २०२४ ची लीगची बेस्ट अँड फेअरेस्ट, म्हणजे सर्वोत्कृष्ट खेळाडू, तीच. नॉर्थ मेलबर्नची असेल तर जॅस्मिन गार्नर. आणि आयरिश मुली बऱ्याच दिसतील, कारण त्यांच्याकडचा गेलिक फुटबॉल आणि हे जवळचं नातं. कोरा स्टॉन्टन तर ३६ व्या वर्षी इथे येऊन पहिला सीझन खेळली. म्हणून दहा वर्षांची झाली, आता उशीर झाला असं कुणी म्हणालं की मला हसूच येतं.

आता घरची तयारी. रिबेल किंवा केमार्टमधून वयाप्रमाणे लहान साईझचा बॉल आणा, मोठा आणलात तर लहान हाताला धरवत नाही आणि पोर कंटाळते. आपल्या मुलींना कॅच येते, क्रिकेटमुळे, पण किकला वेळ लागतो आणि चूक सगळ्यांची एकच होते, बॉल वर उडवायचा आणि मग पाय मारायचा. माझ्या लेकीनी पहिल्या आठवड्यात शेजाऱ्यांचं कुंपण तीनदा दणकवलं. मग त्यांच्या कोचनी सांगितलं की आठ दिवस किक बंद, फक्त सोडा. बॉल उभा धरायचा, दोन्ही बाजूंना बोटं पसरून, जसा आपण पाण्याचा तांब्या दोन्ही हातांनी धरतो तसा, कमरेइतक्या उंचीवरून ज्या पायानी मारायचं त्याच बाजूच्या हातानी अलगद खाली न्यायचा आणि सोडायचा. फेकायचा नाही, ढकलायचा नाही, सोडायचा. गवतावर सरळ उभा पडला पाहिजे. शंभर वेळा हेच. मग पायाचा पंजा ताठ, बोटं पुढे, आणि बॉलच्या खालच्या टोकाला किक, बॉल मागच्या मागे फिरत सरळ जातो, त्याला ड्रॉप पंट म्हणतात. पहिल्यांदा तो तसा फिरत गेला ना तेव्हा आवाजच वेगळा येतो, ठप्प असा, आणि पोरीला न सांगता कळतं की हे जमलं. मी पण तिच्याबरोबर शिकले, डावा पाय अजून येत नाही.

लागण्याबद्दल खरं सांगते, लपवत नाही. लागतं. आणि मुलींच्या बाबतीत सगळ्यात काळजीची गोष्ट म्हणजे गुडघ्याचं एसीएल लिगामेंट, ते तुटण्याचं प्रमाण मुलांपेक्षा मुलींत जास्त आहे, ऑपरेशन होतं आणि वर्ष जातं. २०१९ च्या फायनलमध्ये अ‍ॅडलेड ओव्हलवर ५३,०३४ लोकांसमोर अ‍ॅडलेडच्या एरिन फिलिप्सचा गुडघा असाच गेला, तिला स्ट्रेचरवरून नेताना अख्खं स्टेडियम उभं राहून टाळ्या वाजवत होतं. पण म्हणून घरी बसवायचं नाही, क्लबला एकच प्रश्न विचारायचा: तुमच्याकडे प्रेप टू प्ले करून घेतात का? तो लीगनी बनवलेला वॉर्मअप आहे, त्यात उडी मारून दोन्ही पायांवर गुडघे वाकवून उतरणं, पळता पळता दिशा बदलणं, टॅकल झेलून पडायचं कसं हे सगळं घोटून घेतात. ज्या कोचला हे माहीतच नाही तिथे मी माझी पोर पाठवणार नाही. लहान गटात तसंही टॅकल नसतं, वय वाढेल तसं हळूहळू आणतात. दातांचा माउथगार्ड मात्र पहिल्या दिवसापासून, त्यात तडजोड नाही.

दुसरा प्रश्न विचारायचा तो चेंजिंग रूमचा. हे मी अनुभवावरून सांगतेय. एका ग्राउंडवर आमच्या पोरींना दुसऱ्या सीझनला गाडीत कपडे बदलावे लागले, कारण आतल्या खोलीत एका भिंतीला लांबच लांब पुरुषांची मुतारी आणि शॉवरला दार नाही. आम्ही आया टॉवेल धरून उभ्या होतो. मला त्या दिवशी फार राग आला आणि तो अजून गेलेला नाही, कारण तेरा चौदा वर्षांच्या मुली खेळ सोडतात ते टॅकलला घाबरून कमी आणि अशा गोष्टींनी जास्त, असं माझं स्पष्ट मत आहे. म्हणून नाव घालायच्या आधी जाऊन खोली बघा. दार आहे का, कडी लागते का. नसेल तर कौन्सिलला मेल करा, चारपाच आयांनी मिळून केला तर उत्तर येतंच.

नाव घालायचं ते प्लेएचक्यूवर, ऑनलाइन, फेब्रुवारी मार्चमध्ये, कारण लोकल सीझन एप्रिलपासून हिवाळाभर असतो. पाच वर्षांपासून पुढे ऑसकिक आहे, तिथे स्पर्धा नाही, नुसती मजा आणि बॉलशी ओळख. मग अंडर ८, अंडर १० असं पुढे. राज्य सरकारचं क्रीडा व्हाउचर चालू असेल तर फी बरीच कमी होते, क्लबच्या रजिस्ट्रारला विचारा. मुलींची वेगळी टीम मिळाली तर तीच घ्या, नसेल तर मुलांबरोबर खेळू दे, लहान वयात चालतं. पूर्वी इथेच गाडं अडायचं. वर जिचं नाव आलं ती एरिन फिलिप्स, वडील पोर्ट अ‍ॅडलेडचे मोठे खेळाडू, लहानपणी मुलांबरोबर खेळायची आणि तेरा वर्षांची झाल्यावर तिला सांगितलं आता बंद. मग ती बास्केटबॉलला गेली, अमेरिकेत डब्ल्यूएनबीए ही बायकांची बास्केटबॉल लीग जिंकली, आणि फूटीत परत आली ती ३१ व्या वर्षी, लीग सुरू झाली तेव्हा. मधली अठरा वर्षं गेली. पेनी क्युला-रीडनी तर शाळेत असतानाच ह्या नियमाविरुद्ध कायद्याची लढाई लढली आणि नंतर २०१७ मध्ये कॉलिंगवूडकडून उतरली. तुमच्या मुलीला आज फॉर्म भरून थेट मैदानात जाता येतं ते ह्या मुलींमुळे.

आता तो प्रश्न, पुढे काही आहे का. आहे, पण आपोआप नाही. ८ क्लबांनी सुरू झालेली लीग २०२२ मध्ये १८ वर पोचली, पुरुषांच्या प्रत्येक क्लबची बायकांची टीम आहे, टास्मानिया येऊ घातलाय. लीग आणि खेळाडूंच्या २०२३ च्या करारात पगार वाढले, २०२७ पर्यंत सरासरी ८२,००० डॉलरपर्यंत जाणार, बाळंतपण, दुखापत ह्यांचाही नीट विचार झालाय. माझ्या मते मात्र क्लब जरा घाईनी वाढवले, प्रत्येक टीमला पुरेशा तयार मुली मिळायच्या आधीच, आणि नेहमीच्या मॅचला आता गर्दी पहिल्या दिवसासारखी नसते, काही हजारात असते. आणि इथेच आपण येतो, कारण त्याच करारात अट आहे: सीझन १२ मॅचेसच्या पुढे १४ पर्यंत न्यायचा असेल तर सरासरी ६,००० प्रेक्षक ग्राउंडवर आणि १,००,००० टीव्हीवर दिसले पाहिजेत. म्हणजे गेटवर तुमचं तिकीट स्कॅन होतं ना, ते खरंच मोजलं जातं. चारजणांचं कुटुंब गेलं तर चार. घरी बसून बघणार असाल तर सेव्हन प्लसवर (चॅनल सेव्हनचं अ‍ॅप) काही मॅचेस फुकट लागतात, त्याही मोजल्या जातात, फोनवर दुसऱ्याच्या स्टोरीत तुकडे बघितलेले नाही. भारतातल्या आजीआजोबांना दाखवायची असेल तर वॉचएएफएल घ्यावं लागतं, आमच्या साताऱ्याच्या आजीनी दोन क्वार्टर बघून विचारलं, अंपायर त्या दोन बोटांनी बंदूक का दाखवतो, तो गोल झाला म्हणून दाखवतो हे तिला आता पाठ आहे.

शेवटचं, पहिल्या सामन्याच्या सकाळी काय करायचं. आदल्या रात्री बूट आणि माउथगार्ड बॅगेत, नखं कापलेली, कानातलं काढलेलं (हे विसरायला होतं, आपल्या मुलींच्या कानात असतंच, अंपायर तपासतो). टीमच्या ग्रुपवर तुमचं नाव कशात तरी लागलेलं असेल, पाणी द्यायला, वेळ बघायला, कँटीनला, नाही म्हणू नका, बाहेरून बघत राहिलात तर वर्षभर बाहेरच्याच राहता. मला पहिल्यांदा संत्री आणायला सांगितली होती, हाफटाइमला पोरींना चौथाई फोडी देतात. मी बारा संत्री सोलून, बिया काढून, डब्यात नीट लावून नेली. टीम मॅनेजर म्हणाली, सालासकट आण गं, चिखलाच्या हातांनी धरायला साल लागते.